स्वस्थ बसलेल्याचा दिवा

'दिवेलागण' हा मराठीतला मोठा गोड शब्द आहे. सूर्य किती वाजता मावळला, हे तो सांगत नाही. माणसाने काय केले, ते सांगतो. आमच्या नेपानगरात शेजारची हिंदी भाषक मंडळी याच वेळेला 'दिया-बत्ती का समय' म्हणतात. दोन्ही भाषांनी संध्याकाळला नाव दिले ते माणसाच्या एका कृतीवरून. घरातले कोणीतरी उठे, काच पुशी, वात सारखी करी आणि दिवा घेऊन खोल्याखोल्यांतून जाताना कोण कुठे बसले आहे हेही सहज पाहून घेई. दिवा लावणे आणि घरातल्या माणसांकडे पाहणे, ही तेव्हा एकच क्रिया होती.

आता दिवा आपला आपण लागतो. सूर्यास्ताची वेळ त्याला ठाऊक असते, पावलांची चाहूल त्याला कळते, फोनवरून दिलेली आज्ञा तो पाळतो. याबद्दल नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. रात्री उठणाऱ्या वृद्धाच्या पायापुढे बोळातला दिवा आपोआप लागत असेल, तर ती मोठीच सोय आहे. या जोडीला दिवाळीच्या दिवसांत घरोघरी आणखी एक नवल येते : गाण्यावर नाचणारी एलईडीची पट्टी. तिच्यात एक बारीक मायक्रोफोन असतो. तो आवाजाचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो, छोटे यंत्र त्यातले खर्ज आणि तार असे भाग वेगळे करते, आणि ढोलाच्या ठोक्याला एक रंग, बासरीला दुसरा, असे वाटून देते.

सूर आणि रंग यांची सांगड घालण्याची हौस मात्र आजची नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त प्रत्येक स्वराला त्याचा वर्ण नेमून दिला आहे. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये सात रंग सप्तकातल्या अंतरांप्रमाणे वर्तुळावर मांडले. स्क्रियाबिन या रशियन संगीतकाराने १९१० साली पुऱ्या केलेल्या 'प्रोमिथिअस'च्या स्वरलिपीत प्रकाशासाठी एक स्वतंत्र ओळच लिहिली. या तिघांनाही सुराचा अर्थ शोधायचा होता. आपल्या भिंतीवरच्या पट्टीला बहुधा त्याच्याशी कर्तव्य नसते. आवाज किती मोठा, ठोका केव्हा पडला, एवढेच ती मोजते. ती ऐकते, पण तिला कळत नाही.

खरी गंमत होते ती या दोन गोष्टी एकत्र जोडल्यावर. घड्याळ सांगते, 'दहा वाजले, उजेड मंद कर.' गाणे सांगते, 'आत्ता लखलख.' दिवा एक आणि धनी दोन! जाणकार यावर दोन उपाय करतात. एक, कोणाची आज्ञा आधी पाळायची याचा क्रम ठरवून ठेवतात. दुसरा, गाणे सुरू होण्यापूर्वी दिवा कसा होता याची नोंद ठेवतात, म्हणजे गाणे संपल्यावर तो पूर्वपदावर येतो. ही नोंद नसली, तर शेवटच्या ठोक्याचा लालभडक रंग रात्रभर तसाच भिंतीवर राहतो.

हा क्रम लावणे वरवर तांत्रिक काम वाटते. माझ्या मते ते नैतिक काम आहे. पूर्वी हा निवाडा न लिहिता होई. "अरे, आजीचा डोळा लागलाय, दिवा बारीक कर," एवढे एक वाक्य पुरे असे. यंत्राला असे मोघम चालत नाही. आधी कोण, मागून कोण, हे त्याला स्पष्ट सांगावे लागते. जे आपण मनातल्या मनात ठरवत होतो, ते आता उघड लिहून द्यावे लागते. मग प्रश्न उरतो : त्या यादीत घरातले कोण धरले जाते आणि कोण राहून जाते?

चाहुलीने लागणाऱ्या दिव्याकडेच पाहा. त्यातला नेहमीचा सेन्सर अंगाच्या उष्णतेत हालचालीमुळे होणारा बदल टिपतो. जो हलत नाही, तो त्याच्या लेखी नसतोच. जपमाळ घेऊन बसलेली म्हातारी, गणितात डोके खुपसलेला मुलगा, खिडकीशी विचार करीत बसलेली गृहिणी, यांच्यावर तो खुशाल अंधार करतो. मग आपण आहोत हे पटवायला त्यांनी हात हलवायचा! मायक्रोफोनचेही तेच. सर्वांत मोठ्या आवाजाचा रंग भिंतीवर उमटतो. गप्प माणसाला रंगच नाही. एकाला हालचाल लागते, दुसऱ्याला गोंगाट. दोघांच्या मध्ये स्वस्थ बसलेला माणूस हरवतो.

ही सवय यंत्रांपुरती असती तर बिघडले नसते. वर्गात हात वर करणाऱ्याकडे आधी लक्ष जाते, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. गावांचेही तसेच असते. देशातली वृत्तपत्री कागदाची पहिली गिरणी म्हणून नेपा मिल पंडित नेहरूंनी २६ एप्रिल १९५६ रोजी राष्ट्राला अर्पण केली, तेव्हा या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. २०१६ पासून २०२२ पर्यंत गिरणीची यंत्रे थांबली होती. त्या सहा वर्षांतही इथे माणसे राहतच होती, मुले शाळेत येतच होती. आवाज थांबला म्हणजे माणसे नाहीशी होत नाहीत.

कोणी म्हणेल, 'सणाच्या दिवशी हे कसले रडगाणे? सण दणक्यात व्हावा.' जरूर व्हावा. पण आपल्या पूजेत आवाहनाइतकेच विसर्जनही सांगितले आहे. उत्सवाने घराला नेहमीच्या शांततेत परत आणून सोडावे, हाच त्यातला भाव. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली, तीही अशीच एक क्रमाची यादी आहे. तिच्यात निजलेला माणूस नाचणाऱ्याच्या आधी येतो.

आणि यंत्रालाही हे शिकवता येते. रडार लहरींवर चालणारे नवे सेन्सर श्वासोच्छ्वासाने छातीची होणारी हालचालही टिपतात. त्यांच्यापुढे स्तब्ध बसलेला माणूस अंधारात पडत नाही. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती. स्वस्थ बसलेल्या माणसालाही दिवा हवा असतो, हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागले. साधन त्यानंतर आले.

तेव्हा या दिवाळीत घरातले तरुण हात फोनवर आज्ञांची यादी करू लागले, की वडीलधाऱ्यांनी त्यांना अडवू नये. शेजारी जाऊन बसावे. गाणे असू द्यावे, रंगही असू द्यावेत. फक्त पहिल्या ओळीत काय लिहायचे ते सांगावे : आतल्या खोलीत जो गप्प बसला आहे, त्याचा दिवा कोणत्याही गाण्याने हलता कामा नये.