वारा आणि नाव

आज गीता, अध्याय २, श्लोक ६७. वारा पाण्यातली नाव ओढून नेतो, तसं इंद्रियांमागे धावणारं मन बुद्धीला ओढून नेतं.

गोव्यात मोरजीला काइटसर्फिंग शिकताना हे अंगावरच आलं. झोत आला की घाबरून आपण हातातला बार जवळ ओढतो, आणि पतंगाचा जोर उलट वाढतो. बार सोडला की जोर कमी होतो. पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतोच, तो कुठे जात नाही.

काल डोंबिवलीला घरी बाबांशी वाद झाला. मी बार सोडलाच नाही. बाबा न जेवता झोपले.

वारा आपल्या हातात नाही, बार आहे. आज आधी बाबांची माफी, मग जपमाळ.