मोठा कोण?

मराठवाड्यातल्या कोणत्याही गावच्या पारावर दोन वाद कधी मिटत नाहीत. पाऊस पूर्वीसारखा का पडत नाही, हा एक. आणि पूर्वीसारखे पैलवान आता का होत नाहीत, हा दुसरा. पहिल्या वादात माझ्यासारख्या शाळामास्तराने तोंड घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्याविषयी मात्र मला चार शब्द सांगायचे आहेत. कारण तो वाद दिसायला कुस्तीचा असला, तरी मुळात न्यायाचा आहे.

नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, लातुरात महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची. दोन्ही ठिकाणी कुस्त्यांचा फड असतो. हलगी कडाडते, रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या जोडी सुटतात, आणि दिवस कलताना मोठ्या कुस्त्या लागतात. नेमक्या त्याच वेळी शेजारचा एखादा पटकेवाला म्हातारा म्हणतो, "हरिश्चंद्र बिराजदार पाहिलेत आम्ही. हे काय पाहायचं?" पलीकडचा तरुण लगेच उसळतो, "आजोबा, राहुल आवारेनं जागतिक स्पर्धेत पदक आणलंय. तुमच्या काळात कुणी आणलं होतं?" मग खालची कुस्ती राहते बाजूला आणि वरची जुंपते.

दोघांचेही म्हणणे पोकळ नाही. बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरच्या तालमीत ते घडले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे दिल्लीच्या सतपालसारख्या मल्लाला त्यांनी आस्मान दाखवले. राहुल आवारे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आता या दोघांत मोठा कोण?

मोजायचे कशाने, इथेच पहिली अडचण येते. बिराजदारांची कुस्ती मातीतली. हळद, तेल, ताक घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीत पाठ टेकेपर्यंत लढायचे. दमसास हेच तिथे अर्धे बळ. आवारेंची कुस्ती गादीवरची, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. तिथे गुण मोजतात, वजनाचे गट असतात, आणि पाठ न टेकताही माणूस हरतो. ढाक दोन्हीकडे आहे, पट दोन्हीकडे आहे. पण घड्याळ निराळे, म्हणून बुद्धीही निराळी. शेराने दूध मोजावे आणि गजाने कापड. दुधाला गज लावून ते कमी भरले म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

कोणी म्हणेल, आकडे असतील तर वाद मिटेल. तसे होत नाही. अमेरिकेत त्यांचा एक फुटबॉल आहे, पायापेक्षा हाताने अधिक खेळला जाणारा. त्यात दूर धावत जाऊन चेंडू झेलणारा गडी असतो. डॉन हटसन नावाच्या अशा गड्याने १९३५ ते १९४५ या अकरा वर्षांत झेलून ९९ वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. पुढे जेरी राईस आला. त्याने वीस हंगामांत तीच गोष्ट १९७ वेळा केली. दुप्पट भरली, मग राईस दुप्पट मोठा काय? हटसनच्या वेळी हंगामात दहा-बारा सामने असत, राईसच्या वेळी सोळा. शिवाय झेलणाऱ्याला वाटेत अडवण्या-ढकलण्यावर १९७८ साली नियमाने लगाम घातला, राईस त्यानंतरचा. म्हणजे आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या काळाची भाषा बोलतो. दुभाष्याशिवाय ती कळत नाही.

आणि याच गोष्टीला आणखी एक पदर आहे. तो मला अधिक बोचतो. १९३४ पासून १९४५ पर्यंत त्या व्यावसायिक खेळात एकाही काळ्या माणसाला घेतले जात नव्हते. हटसन आपल्या काळात सर्वश्रेष्ठ होता, हे खरे. पण तो काळच अर्धा दरवाजा लावून बसला होता. दोष हटसनचा म्हणता येत नाही. तरीही त्याच्याशी झुंजू शकले असते असे किती जण बाहेर उभे राहिले, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

आपल्या वहीत तरी तो कुठे आहे? लंगोटबंद हनुमानाच्या तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचे नाही, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा दंडक. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडले. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती २००४ साली आली आणि बाराच वर्षांनी साक्षी मलिकने कांस्यपदक आणले. म्हणजे बळ होते, दार नव्हते. "पूर्वीसारखे पैलवान आता होत नाहीत" असे म्हणताना हे ध्यानात घ्यावे की, पूर्वी ज्यांना होऊच दिले नाही, तेही त्या 'पूर्वी'मध्येच राहत होते.

मग सगळेच आपापल्या जागी थोर, असे म्हणून मोकळे व्हावे काय? ही पळवाट मला मान्य नाही. सगळेच थोर म्हटले की थोर या शब्दालाच अर्थ उरत नाही. परीक्षेत सर्व मुलांना सारखे गुण देणारा मास्तर दयाळू नसतो, आळशी असतो. तुलना करावीच लागते. फक्त प्रश्न नीट विचारला पाहिजे. 'हा त्याला चीत करील काय?' हा प्रश्न निष्फळ, कारण ती कुस्ती कधीच लागणार नाही. त्याऐवजी मी दोन गोष्टी विचारतो. तो कुठून निघाला आणि कुठवर पोहोचला? आणि त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी वाट रुंद झाली काय?

खाशाबा जाधवांकडे या नजरेने पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला, तेव्हा गादीची त्याला सवय नव्हती. तरी सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी राहते घर गहाण टाकले. त्याने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल लागले. पुढे २०१२ साली सुशीलकुमारने कुस्तीत रौप्य मिळवले. धातूच्या बाजारात रौप्य कांस्याहून महाग, यात वाद नाही. पण मधली वाट पायाखाली घेऊन मोजली, तर कोण किती चालला हे सांगायला सराफ लागत नाही.

हा वाद निरुपद्रवी असता तर मी इतके लिहिले नसते. माझ्या वर्गातला एक मुलगा तालुक्याला कुस्ती जिंकून आला. पदक घेऊन घरी गेला, तर आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी असल्या कुस्त्यांना रेवड्या देत." म्हातारा मनाने वाईट नव्हता, आपल्या तरुणपणाची आठवण आली, इतकेच. पण पोराने ते पदक दप्तराच्या तळाशी टाकले आणि पुढचा महिनाभर तो तालमीकडे फिरकला नाही. मेलेल्या काळाने जिवंत मुलाला चीत केले. उलटही घडते. मोबाईलवर जगातल्या कुस्त्या पाहणारी पोरे जुन्या वस्तादांना हसतात, आणि शंभर वर्षे मुरलेला एखादा डाव शिकायचा राहून जातो.

घराघरांत हेच चालते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून लेकरे जगवलेली सासू नोकरी करणाऱ्या सुनेला म्हणते, "तुम्हाला काय कळणार कष्ट!" सुनेला वाटते, यांनी कधी शहरातली धावपळ पाहिली आहे? दोघींच्याही ओंजळी खऱ्या. पण एकीच्या ओंजळीने दुसरीचे पाणी मोजायला निघाले की दोन्ही सांडतात.

आता बिराजदार आणि आवारे यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली, जी पारावर सहसा कोणी सांगत नाही. बिराजदारांनी पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत मुले घडवली. पाटोद्याचा राहुल त्यांच्याच हाताखाली वाढला. २०११ साली वस्ताद गेले. सात वर्षांनी सुवर्णपदक जिंकल्यावर शिष्याने ते त्यांनाच अर्पण केले. ज्या दोघांना आपण समोरासमोर उभे करून झुंजवतो, ते एकमेकांचे गुरुशिष्य होते. शिष्याला गुरूपेक्षा मोठे व्हायचे असते आणि खऱ्या गुरूला तेच हवे असते. त्यात हरतो तो फक्त पारावर बसून निकाल देणारा.