मंजूर भार

विजेची ट्राम १९०२ सालीच पाहिलेल्या कोलकात्याला विजेच्या वाहनाचे अप्रूप वाटावे असे नाही. परंतु ट्रामला प्रवाह मिळे तो रस्त्यावरच्या तारेतून, आणि आजच्या मोटारीला तो मिळतो ज्या रोहित्रावर इमारतीचे उद्‌वाहन, पाण्याचा पंप आणि एखाद्या वृद्ध रुग्णाचे प्राणवायूचे यंत्र चालते त्याच रोहित्रावरून. आणि येथे शेजारधर्माचा प्रश्न उपस्थित होतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात या शहरातील अनेक वस्त्या वारंवार अंधारात बुडाल्या, तेव्हा असंख्य ग्राहकांनी वाढीव भाराची दरख्वास्त न करताच वातानुकूलन यंत्रे बसविल्याचे कारण शहराला वीज पुरविणाऱ्या सीईएससी कंपनीने दिले. त्यात कंपनीचा स्वतःचा बचाव असेलच. तथापि दरख्वास्त न करणाऱ्याच्या खोलीतील गारव्याची किंमत शेजाऱ्याच्या बंद पंख्याने चुकविली, हे नाकारता येत नाही. मोटार तर घरच्या संथ चार्जिंगलाही सुमारे ३.३ किलोवॅट मागते, जलद यंत्रावर ७.४, आणि मागते बहुधा रात्री आठच्या सुमारास, जेव्हा सारे घर जागे असते.

यावर यंत्रशास्त्राने तोड काढली आहे. इमारतीचा एकूण भार सतत मोजत राहावयाचा, पंप सुरू होताच मोटारींचा प्रवाह उतरवावयाचा आणि मध्यरात्रीनंतर ती तूट भरून काढावयाची, अशी व्यवस्था असली की दहा मोटारींसाठी दहापट भाराची मंजुरी लागत नाही. मात्र प्रवाह अपुरा पडल्यास प्रथम कोणाचा तोडावयाचा हे यंत्राला कोणीतरी आधी सांगून ठेवलेले असते. आणि पहाटे रुग्णालयात कामावर जाणारी परिचारिका व केवळ रविवारी फिरावयास निघणारा गृहस्थ यांचा अनुक्रम ठेकेदाराच्या तंत्रज्ञाने आपल्या सोयीने लावला, तर सभेच्या इतिवृत्तात एका अक्षराचीही नोंद नसताना तोच त्या इमारतीचा कायदा होऊन बसतो. (टोटो, म्हणजे विजेवरची रिक्षा, चालविणारा गॅरेजमालकाला पैसे मोजून बॅटरी भरून घेतो, त्याचा क्रम कोणत्याच यादीत नाही.)

केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी मोटारीसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची मुभा दिली, त्यामुळे देयकाचा हिशेब चोख झाला; रोहित्र मात्र सामाईकच राहिले. तेव्हा कोणाचा प्रवाह आधी तोडावयाचा हा अनुक्रम रहिवाशांच्या सभेत ठरवून सूचनाफलकावर लावावा, आणि वाहन नसलेल्यालाही तेथे मत असावे, कारण भार वाढविण्याचा खर्च देखभालीच्या वर्गणीतून निघावयाचा झाल्यास त्यात त्याचाही वाटा असतो.