पिकअप सगळ्यात शेवटी

पुणे

चि. मनू हिस,


तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. शिष्यवृत्तीतले पैसे साठवून तू इलेक्ट्रिक गिटार घेतलीस, याचा मला फार आनंद झाला. आता तिच्यात काय काय बदलायचं याची तू केलेली यादीही नीट वाचली. नवे पिकअप, नवा ब्रिज, नव्या खुंट्या, पितळी नॉब. या यादीची बेरीज गिटारच्या किमतीच्या पुढे जाते, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. माझं मत स्पष्ट सांगतो. गिटार सुधारण्यासारखी आहे आणि ती तू स्वतःच सुधारावीस. फक्त यादी उलटी धर. पिकअप सगळ्यात शेवटी.

स्वस्त गिटारवर कारखान्यात लाकडापेक्षा जास्त काटकसर होते ती माणसाच्या वेळेत. तुझी गिटार ज्या स्ट्रॅटोकास्टरची नक्कल आहे, तिचा आराखडा १९५४ सालचा. त्याच्या नकला आज यंत्रांवर इतक्या नेमक्या कापल्या जातात की बॉडी आणि नेक बहुतेक वेळा ठीकच निघतात. राहून जातं ते शेवटचं हातकाम: नटच्या खाचा नीट घासणं, फ्रेटची टोकं गुळगुळीत करणं, तारांची उंची लावणं. मिरजेचा कारागीर जवारी काढल्याशिवाय तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. तुझी गिटार त्या कामाशिवाय खोक्यात भरली गेली आहे. त्यातल्या बहुतेक कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, एक-दोन संध्याकाळी लागतात.

पहिलं काम म्हणजे तारा बदल. गिटारबरोबर आलेल्या तारा किती दिवस खोक्यात होत्या कुणास ठाऊक. नऊ ते बेचाळीस जाडीचा कुठल्याही चांगल्या कंपनीचा संच घे. जुन्या तारा काढल्यावर लगेच नव्या चढवू नकोस, आधी फ्रेटच्या टोकांवरून अंगठा फिरव. तुमच्या नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डचं लाकूड किंचित आकसतं. फ्रेटची धातूची पट्टी मात्र तेवढीच राहते, म्हणून तिची टोकं कडेला बाहेर येतात आणि हात वरखाली करताना बोचतात. बारीक कानशीने ती टोकं तिरकी घासून घे. फ्रेट चमकवायला बारीक स्टील वूल वापरणार असशील तर त्याआधी पिकअपवर कागदी चिकटपट्टी लाव. पिकअपमधली चुंबकं लोखंडाचा भुगा ओढून घेतात आणि एकदा आत गेलेला भुगा निघता निघत नाही.

मग नेकचा बाक बघ. पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव, नेक जिथे बॉडीला मिळते तिथे जाड तार दाब आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत किती फट आहे ते पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक आहे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने घट्ट करायचा, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तारा पुन्हा सुरात लावून नेकला वेळ दे आणि दुसऱ्या दिवशी परत माप. रॉड अडतोय असं वाटलं तर जोर करू नकोस, तिथेच थांब.

त्यानंतर ब्रिजवरच्या सॅडलच्या स्क्रूंनी तारांची उंची लाव. बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली साधारण दीड मिलिमीटर, जाड तारेखाली दोन. यापेक्षा खाली आणलीस तर तार फ्रेटवर घरघरेल. तू लिहितेस की वरच्या फ्रेटवर कॉर्ड बेसूर वाजते आणि दुकानदार म्हणतो की स्वस्त गिटारचं असंच असतं. असं काही नसतं. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत पट्टीने माप. स्ट्रॅटची स्केल लांबी ६४८ मिलिमीटर, म्हणजे तिथे ३२४ भरायला हवेत. बाराव्या फ्रेटपासून पहिल्या तारेच्या सॅडलपर्यंतही तेवढेच आणि वर थोडेसे. आता ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून बघ. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घे, उतरलेला असेल तर पुढे आण. सहाही तारांना हेच कर. एका स्क्रूड्रायव्हरचं काम आहे आणि सगळ्या यादीत कानाला सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो.

पिकअपची उंचीही तेव्हाच बघून घे. स्वस्त गिटारवर पिकअप बऱ्याचदा तारांना अगदी खेटून बसवलेले असतात, आवाज मोठा यावा म्हणून. पण जवळ आलेलं चुंबक तारेला ओढतं, तार मोकळी हलत नाही आणि सूर थरथरतो. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपासून तारेपर्यंत दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेव. तुला पिकअप "चिखलासारखा" वाटतो, त्यातलं निम्मं दुखणं इथे असण्याची शक्यता आहे.

एवढं करून पंधरा दिवस वाजव. मग खरेदीचं बोलू.

पैसे घालायचे तर पहिले नटवर. "बेंड केलं की सूर उतरतो" अशी तुझी तक्रार आहे आणि त्यासाठी तू खुंट्या बदलायला निघाली आहेस. थांब. "जी"ची तार हळूहळू चढवताना डोकं नटजवळ ने. "टिंग" असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खुंटीत घसरत नसून नटच्या खाचेत अडकते आहे. अप्सरा किंवा नटराजच्या मऊ पेन्सिलीचं शिसं त्या खाचेत घास, लगेच फरक दिसेल. खाचेची खोलीही पाहा: तिसऱ्या फ्रेटवर तार दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ. केसाएवढी फट राहिली पाहिजे. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात, आणि ज्या एफ कॉर्डने तुला रडवलंय ती विनाकारण अवघड होते. बोटांचा दोष समजून तू स्वतःला बोल लावत असशील तर तो विचार सोडून दे. पोकळ प्लास्टिकचा नट काढून हाडाचा बसवायला फार खर्च येत नाही, पण खाचा घासायला सवयीचा हात लागतो. हे एक काम मात्र जाणकाराकडून करून घे.

तार खुंटीवर दोन-तीन वेढे, एकाखाली एक, सरळ बसव. इतकं करूनही सूर टिकला नाही तरच खुंट्या घे, आणि घेतल्याच तर लॉकिंगवाल्या घे. त्या उद्या दुसऱ्या गिटारवरही चढतात. मागवण्यापूर्वी हेडस्टॉकचं भोक आणि मागच्या स्क्रूंची जागा मोजायची. ब्रिजचंही तसंच. सहा स्क्रूंमधलं अंतर कंपनीगणिक वेगळं असतं आणि स्वस्त गिटारची बॉडी पातळ असली की नव्या ब्रिजचा जाड पोलादी ब्लॉक मागून बाहेर डोकावतो. पितळी नॉबचं मी काही लिहीत नाही. ते यादीतून काढ.

आता आतली वायरिंग. पिकगार्ड उघडलंस की छोटे पॉट, पातळ पत्र्याचा स्विच आणि जॅकपाशी लोंबणारी वायर दिसेल. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती या पॉटमधून, आणि वाजवताना आवाज मधेच जातो तो बहुधा जॅकमुळे. सिंगल कॉइल पिकअपला अडीचशे किलोओहमचे पॉट लागतात, हंबकरला पाचशेचे. पॉटवर "ए" लिहिलेलं घे, कारण "बी"चा आवाज कानाला एकसारखा कमी होत नाही. असे पॉट, जॅक, सोल्डर, तांब्याची चिकटपट्टी इथे पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून मी तुला पाठवीन. पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न नागपुरातच घे. काही सुटं करण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेव. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही म्हणून मुली-मुलं रडकुंडीला येतात. ती पाठ आधी सँडपेपरने घास, मग धरेल. आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोड, म्हणजे ट्यूबलाइटची घूं बरीच कमी होईल.

इथे एक गोष्ट वडीलधाऱ्या अधिकाराने सांगतो. गिटारच्या आत धोक्याचा करंट नसतो, पण गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. तुझ्या खोलीतल्या भिंतीवरच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालायचा नाही. आणि ॲम्प कधीही उघडायचा नाही.

आता तुझे लाडके पिकअप. बहुतेक स्वस्त सिंगल कॉइलमध्ये पोलादी खिळे आणि त्यांच्याखाली एक सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. महागड्यांत अल्निकोच्या कांड्या स्वतःच चुंबक असतात. आवाजात फरक आहे, तो मी नाकारत नाही. अल्निको मऊ आणि मोकळा वाजतो. पण तुझ्या दहा वॉटच्या ॲम्पच्या छोट्या स्पीकरमधून तो फरक जेमतेम ऐकू येईल. घ्यायचेच झाले तर तिन्ही एका संचाचे घे. चांगल्या संचात मधल्या पिकअपचं वेटोळं आणि चुंबक उलटं असतं, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी घूं नाहीशी होते. एकच पिकअप दुसरीकडून आणून बसवलास तर तो बाकीच्यांशी जुळेलच असं नाही. नाही जुळला तर त्या जागांवर आवाज किरटा आणि पोकळ होतो. घूं मारायची हीच युक्ती सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी १९५५ च्या सुमारास एकाच पिकअपमध्ये दोन वेटोळी घालून साधली, तोच हंबकर.

तुला क्वीनची आवड आहे म्हणून ब्रायन मेचं लिहितो. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरीच गिटार बांधायला घेतली. नेकला जुन्या शेकोटीच्या कठड्याचं महोगनी लाकूड, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फिंगरबोर्डवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. पिकअपही त्यांनी आधी स्वतःच गुंडाळले होते. बेंड करताना ते मनासारखे वाजेनात तेव्हा त्याने बर्न्स कंपनीचे विकत घेतले. क्रम बघ: गिटार हातात पूर्ण बसली, कानाला नेमकं काय खटकतंय ते कळलं, मग दुकान.

पैशाचा हिशेब कडक ठेव. सुधारलेली गिटार विकताना सुधारणेचे पैसे कुणी देत नाही. म्हणून जे पुढच्या गिटारवर नेता येईल त्यावरच खर्च कर आणि निघालेला प्रत्येक जुना भाग पिशवीत जपून ठेव. विकायची वेळ आली तर जुने भाग परत चढवता येतील. आणि एका बाबतीत मन घट्ट कर. नेक पिळवटलेली असेल, किंवा सॅडल टोकापर्यंत नेऊनही सूर जुळत नसेल, तर या गिटारवर तारांपलीकडे एक रुपयाही घालू नकोस. ते पैसे पुढच्या गिटारसाठी बाजूला ठेव. तशी वेळ येईल असं तुझ्या फोटोवरून वाटत नाही.

आता माझं एवढं काम कर. नटची रुंदी, ३२४ चं माप, आठव्या फ्रेटची फट, ब्रिजच्या स्क्रूंमधलं अंतर आणि बॉडीची जाडी मोजून कळव. पिकगार्ड उघडून आतला एक स्वच्छ फोटो पाठव. तो मिळेपर्यंत काहीही मागवू नकोस.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
मामा