पाळी काजव्यांची

मे महिन्यातला शेवटचा शनिवार होता. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री आठलाच गाड्यांची रांग लागली होती. दोन दिवसांपूर्वी वळीव पडून गेल्यामुळे मातीचा वास अजून टिकून होता. आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून गावातला एक कॉलेजात शिकणारा मुलगा होता. रस्ता सोडून तो आम्हाला आत एका सादड्याच्या झाडापाशी घेऊन गेला.

बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड श्वास घेतल्यासारखं उजळत होतं आणि विझत होतं. आमच्या घोळक्यातलं कुणी काही बोलेना. मग माझा पाय एका दगडावरून निसटला आणि मी खिशातून मोबाइल काढून बॅटरी लावली. दोन क्षण, फार तर तीन. मान वर केली तर समोरच्या फांद्या काळ्याठिक्कर. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "काका, बत्ती बंद करा. बोलायचे थांबले बघा ते."

त्याचे "बोलायचे थांबले" हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत, कारण तिथे खरोखर बोलणंच चाललेलं असतं. काजवा हा एक भुंगेरा. वर्षातला बहुतेक काळ तो अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगाई खात काढतो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार गाठायचा असतो. नर लुकलुकून विचारतो, गवतातली मादी लुकलुकून उत्तर देते. प्रत्येक जातीची लय वेगळी, त्यामुळे चुकीच्या दारी कुणी जात नाही. मध्येच गाडीचे हेडलाइट पडले की ही सगळी विचारपूस त्यात बुडून जाते. आपली एक रात्र फुकट गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा येता येतं. काजव्याला पुढचं वर्ष नसतं.

परतताना एका लहान मुलीच्या हातात प्लास्टिकची बाटली दिसली. तळाशी पाच-सहा काजवे होते. मी वाकून पाहिलं. अर्ध्या नखाएवढा तपकिरी किडा, पोटाची शेवटची वळी तेवढी फिकट पिवळी. ते पिवळेपण थांबून थांबून हिरवट पेटत होतं. त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच. तिच्या आईने बाटलीचं झाकण उघडलं, बाटली गवतावर आडवी केली आणि मुलीला शेजारी बसवलं. शेवटचा काजवा बाहेर पडेपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत. त्या आईबद्दल मला मनापासून आदर वाटला. ती मुलीला रागावली नाही, नुसती तिच्याबरोबर बसून राहिली.

याच डोंगरपट्ट्यात, अकोले तालुक्यापासून नाशिक, जव्हार, मोखाड्यापर्यंत, होळीनंतर उन्हाळाभर गावोगाव बोहाडा होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवादिकांचे मुखवटे चढवलेली सोंगं रात्रभर नाचतात. सुरुवात गणपती-शारदेपासून होते आणि पहाटे देवी महिषासुराला मारते. सोंगं पुष्कळदा घराण्यांकडे पिढीजात चालत आलेली असतात आणि मुखवटे देवासारखे जपले जातात. पूर्वी वीज नव्हती तेव्हा टेंभ्याचा उजेड ज्याची पाळी असेल त्या सोंगापुढे धरत. बाकी गाव अंधारात बसे. पाटील असो की गडी, पाहणारा अंधारातच. तिथे बसण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, कारण प्रत्येकाला ठाऊक होतं की आज रात्री कुणाकडे बघायचं आहे.

काजव्यांच्या झाडाखाली आम्ही नेमकं हेच विसरलो होतो. पाळी त्यांची होती आणि उजेड आम्ही स्वतःवर घेतला. किती मोबाइल झाडाकडे पाठ करून, आपलाच चेहरा उजळून धरलेले होते! वनखात्याच्या सूचना असतात, गावातली मुलंही परोपरीने विनवतात. पण प्रवेशाची पावती फाडली की रात्र आपल्या मालकीची झाली, असं आपल्याला का वाटतं?

हे वेगळ्या तऱ्हेने होऊ शकतं, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासने दाखवलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि पुढे गावकऱ्यांच्या साथीने कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचं जेवतात. वाळूवर दोरी बांधलेली असते, आणि पिल्लं समुद्राकडे निघाली की सगळे दोरीच्या अलीकडे उभे राहतात. पिल्लांनाही उजेडच वाट दाखवतो. रात्री समुद्राचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, त्या रोखाने ती चालतात. किनाऱ्यावर दिवे असले की उलटी फिरून रस्त्याकडे येतात. काजवा काय, कासव काय, आपल्या हातातल्या दिव्याने दोघांचीही वाट चुकते.

एवढं सगळं मनात घेऊन मी अंधाराचे गोडवे गाणारच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, जिच्याकडे आम्ही उतरलो होतो ती मावशी चुलीपाशी बसली होती. आदल्या रात्री तिने आणि तिच्या सुनेने तीसेक माणसांच्या भाकरी थापल्या होत्या. चहाचा कप पुढे करत ती म्हणाली, "दिसले का काजवं?" मी रात्रीचं सांगितलं, आणि इथला अंधार असाच राहायला हवा, असंही बोलून गेलो. ती क्षणभर गप्प झाली. मग विहिरीकडच्या पायवाटेकडे हात करून म्हणाली, "तिथं एक दिवा पायजे बाबा. पाऊस लागला की जनावर निघतं. मागच्या साली सुनेच्या पायाखालून गेलं."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. शहरात माझ्या जिन्यात रात्रभर तीन दिवे जळतात, आणि मी तिला अंधार राखायला सांगत होतो. तिच्या पायवाटेवरचा दिवा हा तिचा हक्क आहे. तो खाली तोंड केलेला, गरजेपुरता लावता येतो आणि ते तिला माझ्याहून चांगलं कळतं. मालवायचा दिवा माझ्या खिशातला होता.

त्या रात्री आम्ही दुसऱ्यांदा निघालो तेव्हा गाडी अर्ध्या कोसावर, गावातच ठेवली. मोबाइल मावशीच्या घरी फळीवर ठेवून दिले. वाटाड्या पुढे, त्याच्या शर्टाचं टोक धरून माझी नात, तिच्या खांद्यावर माझा हात. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नव्हतं. मग वाटेच्या कडेचे दगड दिसू लागले, मग गवताची पाती, मग कारवीचे शेंडे. नातीने मान वळवून माझ्या कानात विचारलं, "आजोबा, आता ते आपल्याला बघतायत का?"

समोरचं झाड एकदा उजळलं, विझलं आणि पुन्हा उजळलं.