वाफसा येईपर्यंत

मेथाडोन हे नाव आपल्याकडे फारसं कानावर पडत नाही. गर्द, ब्राउन शुगर ही हेरॉइनची नावं मात्र मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ घरांत शिरली आणि त्यांच्यामागून ‘टर्की’ हा शब्दही. गर्द मिळाली नाही की रात्रभर तळमळणारा मुलगा ज्यांनी पाहिला, त्यांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्या तळमळीवर जगभर वापरलं जाणारं हे औषध. आज त्याच्यापाशी थोडा वेळ बसूया. सावकाश वाचा. मध्ये थांबायला सांगेन, तिथे खरंच थांबा. या औषधाच्या बाबतीत घाई अनेकांच्या जिवावर बेतली आहे.

आधी आपल्या श्वासाकडे लक्ष द्या. एक श्वास आत गेला, बाहेर आला. पुढचा श्वास तुम्ही ठरवलेला नव्हता, तरी तो आला. मेंदूच्या बुडाशी काही पेशी आहेत. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या श्वासाला हाक देतात. झोपेतही देतात. अफूच्या जातीची सगळी औषधं, मग ते मॉर्फिन असो, हेरॉइन असो की मेथाडोन, मेंदूतल्या म्यू नावाच्या रिसेप्टरवर बसतात. तिथे बसून ती वेदना शमवतात आणि तिथेच बसून श्वासाची हाक मंद करतात. दिलासा आणि धोका एकाच जागी राहतात. ही गोष्ट मनात धरून पुढे चला.

मेथाडोन जर्मनीत होक्स्टच्या प्रयोगशाळेत 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार झालं, वेदनाशामक म्हणून. त्याचं दुसरं आयुष्य 1964 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं. रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल, मेरी निस्वांडर आणि त्यांची तरुण सहकारी मेरी जीन क्रीक यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या माणसांना आधी मॉर्फिन देऊन पाहिलं. ती माणसं पुढच्या इंजेक्शनच्या वाटेकडे डोळे लावून बसून राहायची. मेथाडोनवर आणल्यावर एकाने चित्रं काढायला घेतली, दुसऱ्याने अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करू द्या म्हणून मागणी केली. मला या साऱ्या इतिहासात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. माणसाला दिवस परत मिळाला होता.

तो कशामुळे मिळाला? औषधाच्या रेंगाळण्यामुळे. हेरॉइन शरीरात गेल्यावर काही मिनिटांतच बदलतं आणि मॉर्फिन होतं. रक्तातलं मॉर्फिन निम्म्यावर यायला दोन-तीन तास पुरतात. मेथाडोनला सरासरी एक दिवस, कधी दीड दिवस लागतो. कुणाच्या शरीरात आठ तास, तर कुणाच्या एकोणसाठ. ते चरबीत विरघळतं, यकृतात आणि इतर ऊतींत मुरतं, आणि तिथून हळूहळू रक्तात परत येतं.

काळ्या रानातला पाऊस आठवा. सर तासाभरात थांबते. वाफसा यायला मात्र दिवस जातात. वरून जमीन सुकलेली दिसते, पाय ठेवला की रुततो. आणि वाफसा येण्याआधीच दुसरी सर आली तर?

आता मनातल्या मनात एक हिशेब करा. रोज 20 मिलिग्रॅम औषध, आणि दर चोवीस तासांनी ते निम्मं होतं असं धरा. पहिल्या दिवशी 20. दुसऱ्या दिवशी उरलेले 10 आणि नवे 20, म्हणजे 30. तिसऱ्या दिवशी 35. पुढे 37 च्या वर, आणि हळूहळू 40 च्या जवळ. डोस एका थेंबानेही वाढवला नाही, तरी शरीरातलं औषध दुप्पट झालं. इथे थांबा. हे आकडे पुन्हा एकदा मनाशी म्हणा.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट ठेवा. मेथाडोनने वेदना चार ते आठ तास शमते. श्वासावरचा त्याचा भार उशिरा चढतो आणि जास्त वेळ टिकतो. म्हणजे दुखणं परत आलं, औषध उतरलं असं वाटलं, तेव्हा ते आतच असतं. अशा वेळी कुणी आणखी एक गोळी घेतो, कुणी जुन्या ओळखीची गर्द ओढतो, कुणी दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो. उपचाराचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे मानले जातात, ते यामुळेच.

पुरेसा डोस नीट बसला की हेच रेंगाळणं राखण करतं. रिसेप्टर आधीच व्यापलेले असतात, शरीर सरावलेलं असतं, आणि वरून घेतलेल्या हेरॉइनची धुंदी जवळजवळ चढतच नाही. पण धुंदी चढत नाही म्हणून जो मात्रा वाढवत जातो, त्याचा श्वास मात्र त्या मात्रेतून सुटत नाही.

काही औषधं मेथाडोनला त्या जागेवरून हुसकावतात. ब्युप्रेनॉर्फिन रिसेप्टरला अधिक घट्ट चिकटतं, पण काम अर्धवटच करतं. ते लवकर दिलं तर माणूस तासाभरात टर्कीत जातो. पेंटाझोसिनचं इंजेक्शनही असंच करू शकतं. आणि क्षयाच्या रुग्णांना ओळखीचं, लघवी तांबडी करणारं रिफाम्पिसिन यकृताला मेथाडोन भराभर मोडायला लावतं. डोस तोच, तरी अंग मोडून येतं. क्रीक यांनी हे 1976 मध्येच दाखवून दिलं होतं. रिफाम्पिसिन थांबलं की काही दिवसांत उलटं होतं, मेथाडोन साचू लागतं. क्षय आणि गर्द एकाच वस्तीत भेटतात अशा आपल्या देशात हे प्रत्येक डॉक्टरच्या जिभेवर असायला हवं.

आता शेवटचं, आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्या. श्वास मंदावलेल्या माणसाला नॅलोक्सोन देतात. तो डोळे उघडतो, बोलतो, घरी जातो म्हणतो. नॅलोक्सोन तीस ते नव्वद मिनिटं टिकतं. मेथाडोन त्याच्या पुढे कितीतरी तास उरतं. त्याला सोडू नका. रात्रभर कुणीतरी त्याच्या श्वासाकडे पाहत बसायला हवं, शक्यतो हॉस्पिटलमध्ये.

भारतात 2012 पासून मेथाडोनचा उपचार मोजक्या केंद्रांवर मिळतो. तुमच्या घरातलं कुणी त्यावर असेल तर औषधाचं नाव आणि डोस कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा, दातांच्या डॉक्टरलाही दाखवा. हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तर रोजचं मेथाडोन चालू ठेवून वेदनेसाठी वेगळं औषध मागा. ती मागणी नशेची नसते. आणि तीन-चार दिवस डोस चुकला असेल तर जुना डोस आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. शरीराचा सराव तेवढ्यात कमी झालेला असतो. आधी केंद्रावर जाऊन सांगा.