रक्ताचा हिशेब

आमची पाळी डिचोली तालुक्यातली, खाणींची. सत्तरीतली पाली निराळी. ती रानाची आणि काजूची. या एका अक्षरापायी पूर्वी टपालाचा घोटाळा होई, आणि 2015 साली वर्तमानपत्रांत पालीचे नाव झळकले तेव्हा मुंबईच्या नातलगांनी आमचीच ख्यालीखुशाली विचारली. गोव्यात माकडतापाची पहिली नोंद त्या वर्षी झाली, ती त्या पालीत.

हा रोग 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात ओळखला गेला. त्याचा विषाणू शोधला तो पुण्याच्या संशोधन केंद्राने. ते केंद्र तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. गोचीड चावली की माणसाला ताप येतो, आणि रानात वानरे मरून पडू लागली की समजावे, रोग जवळ आला. उपद्रवाचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमकी काजूची सुगी. बोंडू वेचायला वाकलेली बाई आणि पाचोळ्यात दबा धरून बसलेली गोचीड यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. 2016 साली रोग दोडामार्ग तालुक्यातही दिसला. सीमेवरच्या तपासणी नाक्यावर गोचिडीला कोण अडवणार?

तापकऱ्यांचे रक्त मणिपालला गेले, पुण्याला गेले. काजू कामगारांना हा रोग कसा गाठतो याविषयी 2017 साली परदेशी नियतकालिकात निबंध छापून आला. काम मोलाचे, यात शंका नाही.

त्या भागातली एक ओळखीची बाई, वयाने साठीच्या पुढची, तापातून उठलेली. ती मला एकदा म्हणाली, ‘‘मास्तर, म्हज्या रगताचें कितें जालें?’’ प्रश्न साधा होता, पण मला उत्तर सुचले नाही.

आपल्याकडे यावर एक तयार उत्तर असते. रक्त दिले ते दान, आणि दानाचा हिशेब मागू नये. मला हे पटत नाही. दान करणाऱ्याला आपण देत आहोत हे ठाऊक असावे लागते, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक असावी लागते. तापाने फणफणलेली बाई दंड पुढे करते ती बरे व्हावे म्हणून. तीच सुई, तीच नळी. अर्धे रक्त तिच्या निदानाला, अर्धे ज्ञानाला. साथीच्या धामधुमीत ही रेघ कुठे ओढायची? डॉक्टर समजावत बसले असते तर माणसे दगावली असती, हेही खरेच. म्हणून तेव्हा विचारले नाही याचा मी दोष देत नाही. पण ताप उतरल्यावर कुणी येऊन सांगायला काय हरकत होती?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा माणसाला ‘सहभागी’ म्हटले आहे, आणि संशोधनाचा लाभ त्याच्या समाजापर्यंत पोचावा असेही सांगितले आहे. सहभागी! शब्द चांगला आहे. वाटा कोणता, ते विचारायला हवे.

तर मी त्या बाईला जमेल तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तातूंत म्हजें नांव आसा?’’ नाही, नाव छापत नाहीत, तुझ्याच भल्यासाठी. तिला ते चमत्कारिक वाटले. पण गोव्याला याचे कारण ठाऊक असायला हवे. 1989 साली पर्राच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्याच्या रक्ताने काय सांगितले ते पोलिसांना आधी कळले, त्याला नंतर. म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला 64 दिवस कोंडून ठेवले, तेही सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याने. 1992 साली तो वारला. नाव झाकण्याचा नियम अशा अनुभवांतून आला आहे. मात्र जो नियम माणसाला लोकांपासून वाचवतो, तोच त्याला श्रेयापासूनही वगळतो, आणि यावर तोड मला सापडलेली नाही.

आणि वाटा? विषाणू मारून केलेली जुनी लस कर्नाटकात 1990 पासून टोचत. सत्तरीत आणि दोडामार्गातही ती दिली गेली. पुन्हा पुन्हा घ्यावी लागे, दुखेही फार. तिचा प्रभाव पुरेसा नाही म्हणून 2022 साली ती थांबली, नवीवर काम चालू आहे. रोग ओळखून साठांहून अधिक वर्षे झाली. हा ताप पणजीच्या बाजारात किंवा दादरला पसरता, तर इतका वेळ लागला असता? तोवर उपदेश आहेच: अंगाला तेल चोपडा, रानात जाऊ नका. ज्याचे वर्षाचे मीठमिरची काजूवर, त्याला रानात जाऊ नका म्हणणे सोपे.

दोडामार्गच्या लोकांचा हिशेब तर आणखी गुंतागुंतीचा. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय 1842 चा वारसा सांगते आणि सिंधुदुर्गचे रुग्ण तिथे वर्षानुवर्षे येतात. 2018 साली परराज्यातल्यांना शुल्क लागू झाले तेव्हा पलीकडे आंदोलन पेटले. पैसा गोव्याच्या करदात्याचा, हे मी करदाता म्हणून जाणतो. परंतु आमच्या मुलांनी पोटावर हात ठेवून यकृत कसे चाचपावे, छातीतली घरघर कशी ओळखावी, हे त्या खाटांवरच्या दोडामार्गकरांच्या देहांवरही शिकून घेतले. त्या शिकवणीची पावती कुठल्या खिडकीवर फाडतात?

बाईला मी शेवटी इतकेच सांगू शकलो, की निबंधात गाव आहे, नाव नाही. ‘‘गांवाचें आसा मगो,’’ ती म्हणाली, आणि यंदा तेलाची बाटली आरोग्य केंद्रात मिळेल का, ते विचारू लागली.